शाल-श्रीफळ झाले, आता पुढचे काय?

गुणवंतांचा सत्कार तिरोडीच्या मराठी मंडळींना नवा नाही. निकाल लागले की यादी होते, वर्गणी होते, शाल-श्रीफळ आणि शील्ड दिली जाते. पाहुणे बोलतात, "विद्यार्थ्यांनी उत्तुंग भरारी घ्यावी" असे कोणी ना कोणी म्हणतेच, आणि मग चहा-पोहे. या कार्यक्रमाला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. तो आम्हीच करतो आणि पुढेही करू. परंतु काही वर्षांपूर्वी कार्यक्रम आटोपून आम्ही खुर्च्या गोळा करत असताना एक समाजबांधव पोराची शील्ड हातात घेऊन आमच्याजवळ आले आणि म्हणाले, "शील्ड तं भेटली भाऊ, आता याले पाठवू कुठं?"

आम्ही चौघे उभे होतो, आणि चौघांनी चार उत्तरे दिली. एकाने सांगितले, नागपूरला पाठवा. दुसऱ्याने जबलपूर म्हटले. तिसऱ्याचे म्हणणे पडले की स्पर्धा परीक्षेचा क्लास लावून द्या. चौथ्याने नेहमीचे सांगितले, खाणीत अर्ज भरून ठेवा. मुलगा शेजारीच उभा होता. तो बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होता, आणि आमच्या चार उत्तरांपैकी अडीच उत्तरांची मुदत त्याच्यापुरती केव्हाच टळून गेली होती, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. त्या दिवसापासून हा विषय आमच्या मनातून गेलेला नाही. आज तो समाजापुढे मांडत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने भविष्याचे नियोजन करावे, हे सगळीकडेच सांगितले जाते. पुण्या-मुंबईच्या मुलाला उशीर झाला तर त्याचे एखादे वर्ष जाते. तिरोडीच्या मराठी मुलाला उशीर झाला तर त्याचे राज्यच चुकते. आपण दोन राज्यांच्या मधोमध राहतो, आणि इथे कोणता कागद कोणत्या वर्षी कोणत्या बाजूने काढला यावर पुढची वाट उघडते किंवा बंद होते. हुशारीचा नंबर त्यानंतर लागतो.

जुन्या मंडळींना सांगण्याची गरज नाही, पण तरुण वाचकांसाठी सांगतो. १९५६ पूर्वी बालाघाट आणि भंडारा हे एकाच राज्याचे शेजारी जिल्हे होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. आपले आजोबा कचेरीच्या कामासाठी, कोर्टासाठी आणि शिक्षणासाठी नागपूरलाच जात. नागपूर विद्यापीठ १९२३ चे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर-भंडाऱ्यासह आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला. तिरोडीचे मराठी घर होते तिथेच राहिले, सरकार तेवढे बदलले. मग आपल्या मुलांचे विद्यापीठ जबलपूर झाले. २०१९ मध्ये छिंदवाड्याला नवे विद्यापीठ निघाले तेव्हा जिल्ह्यातील महाविद्यालये तिकडे जोडली गेली. लग्नाचे कापड, दवाखाना आणि सोयरीक यांसाठी आपली पावले मात्र आजही तुमसर, गोंदिया, नागपूर याच वाटेने पडतात. आपल्यातील कितीतरी मुलांचा जन्मच तुमसरच्या किंवा भंडाऱ्याच्या दवाखान्यात झालेला आहे. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे तो कामाला येणार आहे.

आता खाणीबद्दल. या विषयावर बोलले की काही जणांना राग येतो, तरीही बोलले पाहिजे. आपल्या गावाची भाकर शंभरावर वर्षे मँगनीजने दिली. आपल्यातील अनेक घरे या खाणीच्या कारकुनीवर, सुपरवायझरीवर, मिस्त्रीकामावर उभी राहिली. तिरोडीचे नाव तर खनिजशास्त्राच्या पुस्तकांतही गेले. १९३८ साली इथल्या एका खनिजाला 'तिरोडाइट' असे नाव देण्यात आले होते. पुढे १९९७ च्या नव्या वर्गीकरणात ते नाव गळाले. शास्त्रज्ञांनी लावलेली नावेही साठ वर्षांत गळतात, मग नोकरीची खात्री किती दिवस चालणार? ब्रिटिश कंपनी होती, १९६२ मध्ये मँगनीज ओअर इंडिया झाली, १९७७ पासून ती केंद्र सरकारची, २०१० मध्ये शेअर बाजारात आली आणि मॉइल झाली. आता भरती जाहिरात काढून, संगणकावरच्या परीक्षेतून होते आणि देशभरातून अर्ज येतात. "आमचे वडील इथे तीस वर्षे होते" या वाक्याला त्या परीक्षेत गुण नाहीत. तरीही आपल्या घरांतला संवाद अजून तोच आहे. पोरगा विचारतो, "बाबा, बीएस्सी झाल्यावर काय करू?" बाबा म्हणतात, "आधी पास तं हो. मंग पाहू ना, खाण आहेच." या 'मंग पाहू' मध्ये आपल्या समाजाची दोन पिढ्यांची शिक्षणाची पुंजी अडकून पडली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याचा अर्थ खाणीकडे पाठ फिरवावी असा कोणी घेऊ नये, उलट आमचे म्हणणे वेगळेच आहे. ज्याला खाणीतच जायचे आहे त्याने नशिबाच्या भरवशावर न जाता शिकून जावे. धातूच्या खाणींत मेट, ब्लास्टर, फोरमन, मॅनेजर या जागांसाठी कायद्यानेच प्रमाणपत्र लागते आणि ते खाण सुरक्षा महानिदेशालयाकडून मिळते. त्याचे कार्यालय धनबादला असले तरी परीक्षेच्या अटी कोणालाही वाचता येतात. ठराविक अनुभव, प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र अशा त्या अटी आहेत. आणि खनिजाच्या विद्येचे माहेरघर कुठे आहे? भारतीय खान ब्युरोचे मुख्यालय नागपूरला, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय नागपूरला, खनन अभियांत्रिकी शिकवणारी विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था नागपूरला, मॉइलचे मुख्यालयही नागपूरला. ज्यांच्या अंगणात मँगनीजचे ढीग पडले आहेत त्या गावातून भूगर्भशास्त्र शिकायला गेलेली मुले किती, हे ज्याने त्याने आपल्या ओळखीत मोजून पाहावे. आम्ही मोजली. एका हाताची बोटे पुरली.

आणि इथेच वर म्हटलेला कागदाचा प्रश्न येतो. राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थांत निम्म्या जागा त्या त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात. पण 'त्या राज्यातील' म्हणजे कोण? आपण समजतो, ज्याच्याजवळ त्या राज्याचा मूल निवासी दाखला आहे तो. तसे नाही. विद्यार्थी बारावी कोणत्या राज्यातून उत्तीर्ण झाला, यावर ते ठरते. तिरोडी किंवा कटंगीतून बारावी झालेला आपला मुलगा भोपाळच्या संस्थेत घरचा धरला जातो आणि नागपूरच्या संस्थेत परका. तोच मुलगा तुमसरहून बारावी झाला असता तर नागपूरला घरचा ठरला असता. काही किलोमीटरचा फरक आणि दोन वर्षांची शाळा, एवढ्यावर हे उलटे-सुलटे होते. हे आम्हाला स्वतःला कळले तेव्हा आमचीच दोन मुले पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होती. आता बोलून उपयोग काय, पण ज्यांची मुले आज आठवी-नववीत आहेत त्यांनी तरी ऐकावे.

महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशाचेही असेच आहे. तिथे उमेदवारांचे प्रकार पाडलेले आहेत. ज्याने दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून केली आणि जो एकतर महाराष्ट्राचा अधिवासी आहे किंवा महाराष्ट्रात जन्मलेला आहे, तो पहिल्या प्रकारात बसतो. तुमसरच्या दवाखान्यातला जन्म इथे कामाला येतो. वडील किंवा आई महाराष्ट्राचे अधिवासी असतील तर दुसरा प्रकार. आणखी एक प्रकार आहे, तो आपल्या खाण कामगारांनी नीट वाचावा. आई किंवा वडील केंद्र सरकारच्या उपक्रमात नोकरीला असून अर्जाच्या शेवटच्या तारखेपूर्वी महाराष्ट्रात बदली होऊन रुजू झाले असतील, तर मूल महाराष्ट्राचे उमेदवार मानले जाते. मॉइलच्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणी भंडारा जिल्ह्यात आहेत, तिरोडीहून हाकेच्या अंतरावर. बदली आली की आपण कपाळावर हात मारतो, ओळखीने रद्द करायला धावतो. क्वचित ती बदली मुलाच्या भाग्याचीही असू शकते. नियम दरवर्षी नव्या माहितीपुस्तिकेत छापले जातात, म्हणून त्या त्या वर्षीची पुस्तिका पाहूनच पाऊल टाकावे. आमच्या लेखाच्या भरवशावर कोणी शाळा बदलू नये.

कारण दुसऱ्या बाजूलाही वजन आहे. मध्य प्रदेश सोडला तर इथल्या सवलती सुटतात. २०१७ पासून मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेत मध्य प्रदेश मंडळाच्या बारावीत ७० टक्के किंवा केंद्रीय मंडळात ८५ टक्के मिळवणाऱ्या, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या मूल निवासी मुलांच्या पुढील शिक्षणाचे शुल्क सरकार भरते. आसपासच्या खेड्यांतील मुलींसाठी २००५ पासून 'गाव की बेटी' योजना आहे. बारावीला पहिला वर्ग मिळवून महाविद्यालयात गेलेल्या मुलीला वर्षातले दहा महिने दरमहा ५०० रुपये. रक्कम लहान वाटते, पण कटंगीच्या बसचे भाडे निघते, आणि भाडे निघाले की मुलगी शिकते. किती घरांनी हा अर्ज भरला? म्हणून आम्ही सरसकट 'नागपूरला चला' असे म्हणत नाही. कोणत्या मुलाला कोणती बाजू, हे घरात बसून, कागद समोर ठेवून, वेळेवर ठरवले पाहिजे, एवढेच म्हणतो.

जातीच्या दाखल्याचा विषय नाजूक आहे, पण तो टाळला तर हा लेख अर्धाच राहील. एका राज्याचा जातीचा दाखला दुसऱ्या राज्याच्या आरक्षणाला चालत नाही. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे ठरवले, आणि ते प्रकरण एका विद्यार्थ्याचेच होते. आंध्रातले वडील केंद्र सरकारच्या खत कारखान्यात नोकरीला, त्यांची बदली मुंबईला झालेली. मुलाने मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागेवर प्रवेश मागितला. तो मिळाला नाही. २०१८ मध्ये दुसऱ्या घटनापीठाने राज्यांच्या नोकऱ्यांबाबत हेच तत्त्व कायम केले. तेव्हा आपल्या अनुसूचित जातीच्या किंवा इतर मागासवर्गीय मुलाने नागपूरला जाताना आधीच समजून घ्यावे की तिथे तो खुल्या वर्गातच मोजला जाईल. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत, म्हणजे रेल्वे, कर्मचारी निवड आयोग, बँका, तिथे मात्र मध्य प्रदेशचा दाखला चालतो. इतर मागासवर्गीयांच्या बाबतीत जात केंद्राच्या यादीत असावी लागते आणि नॉन-क्रीमीलेअरचा दाखला ताजा लागतो.

यातही सीमेवरच्या माणसाची एक खास अडचण आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या दाखल्यासाठी १९५० सालचा रहिवास दाखवावा लागतो, कारण राष्ट्रपतींचे आदेश त्या वर्षीचे आहेत. आता १९५० मध्ये ज्यांचे आजोबा तुमसरला होते आणि नंतर तिरोडीला आले, ते तेव्हा कोणत्या राज्याचे होते? तेव्हाच्या मध्य प्रदेशचेच! राज्यही एक आणि राजधानीही एक. पण आज खिडकीवरचा माणूस तुमसरचा दाखला पाहतो आणि म्हणतो, हा तर महाराष्ट्राचा. २००३ मध्ये छिंदवाडा भागातील एका उमेदवाराचे असेच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. पुनर्रचनेपूर्वी जो भाग एकत्र होता आणि जी जमात दोन्हीकडच्या यादीत आहे, तिच्या माणसाला नुसते 'स्थलांतरित' म्हणून बाजूला सारता येईल का, याचा विचार न्यायालयाने केला आणि तो दावा विचारात घ्यावा असेच मत दिले. हा निकाल आपल्या कामाचा आहे. एखाद्या मराठी वकिलाने त्याचा अभ्यास करून समाजापुढे ठेवावा, ही आमची जाहीर विनंती.

आता एका मुलीची हकिकत. तिचे नाव आम्ही घेत नाही, ती आपल्यातलीच आहे. बालाघाटला बीएस्सी झाली, गुण चांगले, पलीकडच्या एका महाविद्यालयात एमएस्सीच्या यादीत नाव लागले. घरी आनंद झाला. प्रवेशाच्या खिडकीवर तिला मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे आधीच्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र, मागितले. तिला वाटले होते की टीसी आणि अंकसूची पुरते. अर्ज केला, वडील दोनदा जाऊन आले, एकदा साहेब रजेवर, एकदा सर्व्हर बंद. पुढच्या यादीची तारीख गेली आणि जागाही गेली. पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करू, असे ठरले. पण घरात एक वर्ष बसलेली मुलगी म्हणजे काय, हे आपल्या समाजात कोणाला सांगायला नको. पाहुणे येऊ लागले. आज ती एका खासगी शाळेत शिकवते, चांगले शिकवते. भेटली की हसून म्हणते, "काकाजी, त्या कागदाची फी किती होती माहीत आहे का?" खरोखरच किरकोळ होती. निकालाच्या आठवड्यातच अर्ज करायला हवा होता, एवढे तिला सांगणारे कोणी नव्हते. आम्ही होतो, पण आम्ही तिला शील्ड देऊन मोकळे झालो होतो.

जे आज पदवीला आहेत त्यांच्यासाठी आणखी दोन-तीन गोष्टी. मध्य प्रदेशात २०२१ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले आणि पदवी तीन वर्षांची की चार, हा प्रश्न उभा राहिला. तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते. चौथे वर्ष केले तर पुढचे पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात होऊ शकते, आणि संशोधनासह चौथे वर्ष करायचे तर पहिल्या सहा सत्रांत साधारण ७५ टक्के लागतात. म्हणजे ज्याने पहिल्या वर्षी 'एवढे काय, पास झालो ना' म्हणून ५० टक्क्यांवर समाधान मानले, त्याची ही वाट पहिल्याच वर्षी अरुंद झाली. मिळवलेले श्रेयांक आता श्रेयांक बँकेच्या खात्यात जमा होतात. हे खाते आपले आपण उघडून तपासावे. नावाच्या स्पेलिंगमध्ये आधार आणि अंकसूची यांचा मेळ नसला तर तिथेच गाडी अडते. आपल्या मराठी आडनावांचे हिंदी कारकुनाच्या हातून काय काय होते, हे आम्ही काय सांगावे! एकाच घरात बापाचे आडनाव एक, मुलाचे दुसरे आणि नातवाचे तिसरेच, अशी घरे आमच्या पाहण्यात आहेत. आणि २०२२ पासून एक नियमित आणि एक दूरशिक्षणाची अशा दोन पदव्या एकाच वेळी घ्यायला विद्यापीठ अनुदान आयोगाची परवानगी आहे. घरची अडचण असल्याने कटंगी-बालाघाटलाच राहावे लागणाऱ्या मुलांनी याचा विचार जरूर करावा.

भाषेबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. आपण घरात मराठी बोलतो याचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो योग्यच आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा आपणही पेढे वाटले. पण आपल्या पदवीधर मुलाला मराठीत एक पानभर अर्ज लिहायला सांगा. शाळा हिंदी, महाविद्यालय हिंदी, मोबाईल इंग्रजी. बोलता येते ते तिरोडीचे बोलणे, लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ तर सोडाच, 'ळ' सुद्धा सापडत नाही. महाराष्ट्राच्या लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना मराठी लिहिता-वाचता येणे आवश्यक असते. तिथे आपल्या मुलाला आरक्षणाचा लाभ नाही, पण भाषेचा लाभ तर होऊ शकतो! मध्य प्रदेशातल्या इतर कोणत्याही मुलाजवळ नसलेली ही शिदोरी आपल्याजवळ आहे आणि आपण ती फडक्यात बांधून विसरलो आहोत. दोन राज्यांच्या परीक्षा देऊ शकणारा, हिंदी आणि मराठी दोन्ही सफाईने लिहिणारा मुलगा बँकेत, विम्यात, रेल्वेत, सीमेवरच्या व्यापारात कुठेही उपयोगी पडतो. त्यासाठी रोज अर्धा तास मराठी वर्तमानपत्र आणि आठवड्याला एक पान लेखन एवढे पुरे.

आता सरकारांविषयी, कारण हे मुखपत्र केवळ उपदेशासाठी नाही. कर्नाटकच्या सीमेवरील ८६५ वादग्रस्त गावांतील मराठी मुलांना महाराष्ट्र आपल्या प्रवेशप्रक्रियेत स्वतंत्र प्रकार देऊन घरचे मानतो. बेळगाव-कारवारच्या बांधवांना तो हक्क मिळाला याचा आम्हाला आनंद आहे, त्यांनी त्यासाठी फार सोसले आहे. पण मग बालाघाटच्या मराठी मुलाने काय गुन्हा केला? आम्ही सीमेचा वाद उकरून काढत नाही. आम्हाला मध्य प्रदेशातून बाहेर पडायचे नाही, आमची घरे, शेती, मतदार यादीतले नाव सगळे इथे आहे. आम्ही आंदोलन केले नाही, बस जाळली नाही, म्हणून आमची दखलच घ्यायची नाही, असा तर हिशेब नाही ना? दोन्ही राज्यांना एकत्र बसता येत नाही असेही नाही. बावनथडीवरचा राजीव सागर प्रकल्प दोन्ही राज्यांनी मिळून केला आणि पाणी वाटून घेतले. मॉइलमध्ये केंद्राबरोबर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही सरकारांचे भाग आहेत. तिरोडीचे मँगनीज वाघिणीत भरून तुमसरकडे जाते तेव्हा त्याला कोणी मूल निवासी दाखला मागत नाही.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. मध्य प्रदेशच्या सीमेवरील जिल्ह्यांतल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राने व्यावसायिक अभ्यासक्रमांत थोड्या जागा ठेवाव्यात. मध्य प्रदेशाने १९५६ पूर्वीचे भंडारा-नागपूरकडील महसुली आणि शाळेचे दाखले रहिवासाचा पुरावा म्हणून स्पष्ट आदेशाने स्वीकारावेत. स्थलांतर प्रमाणपत्र ठराविक दिवसांत मिळालेच पाहिजे, अशी सक्ती व्हावी. लोकसेवांच्या हमीचा कायदा या राज्यात २०१० पासून आहे, त्याचा बडगा इथेही चालावा. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला आपण रस्ता आणि नाली मागतो. रस्ता मागावाच, पण यापुढे हे तीन प्रश्नही लेखी विचारावेत आणि उत्तर लेखीच घ्यावे.

आणि सरकारला बोलणाऱ्यांनी आपल्या घरचेही झाकू नये. सत्काराला आपण जेवढे खर्चतो त्यातल्या निम्म्या पैशांत वर्षभराचे एक माहिती केंद्र चालते. त्याला एक टेबल, एक संगणक आणि रविवारी दोन तास बसणारा एक निवृत्त शिक्षक किंवा बँकेतला माणूस एवढेच लागते. समाजात असे निवृत्त लोक आहेत. संध्याकाळी पारावर बसून देशाचे परराष्ट्र धोरण ठरवतात. त्यांनी आठवड्यातून दोन तास पोरांचे अर्ज तपासायला द्यावेत. बाहेर गेलेली आपली मुले नागपूर, पुणे, भोपाळ, बंगलोरला आहेत. दिवाळीला गावी येतात, फटाके उडवून जातात. त्यांच्यापैकी प्रत्येकाने एका विद्यार्थ्याला फोनवर वर्षभर सल्ला देण्याचे पत्करले तरी खूप झाले. यंदाच्या सत्कारापासून आम्ही शील्ड बंद करून त्या जागी एक जाड फाइल द्यायचे ठरवले आहे. तिच्यात कोणता कागद कोणत्या महिन्यात काढायचा, याचा मराठीत छापलेला तक्ता असेल. काही ज्येष्ठांना हे आवडलेले नाही. शील्ड भिंतीवर दिसते, फाइल कपाटात जाते, असे त्यांचे म्हणणे आहे. ते खरेच आहे.

पदवीच्या पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलामुलींची आणि त्यांच्या पालकांची बैठक येत्या सत्राच्या सुरुवातीला, रविवारी, घेण्याचे ठरले आहे. येताना दहावी-बारावीच्या अंकसूच्या, जन्माचा दाखला, आधार, मूल निवासी आणि जातीचा दाखला असल्यास तो, आणि घरात आजोबा-पणजोबांचे १९५६ पूर्वीचे कसलेही कागद असतील, शाळेचा दाखला, पट्टा, खाणीची जुनी हजेरी-पावती काहीही, तर त्यांच्या झेरॉक्ससह घेऊन यावे. लाकडी पेटीच्या तळाशी ठेवलेली वहीसुद्धा आणावी, वाळवी लागलेली असली तरी चालेल. मुलींच्या आयांनी अवश्य यावे. तारीख मंदिराच्या फळ्यावर लिहिली जाईल.